मामांना जिलेबी देऊ नये

लग्नाच्या माइकवरून माझं नाव आयुष्यात एकदाच पुकारलं गेलं, आणि तेही मला जिलेबी देऊ नये हे सांगण्यासाठी.

आमच्या नगर जिल्ह्यात लग्न म्हणजे अर्धं लग्न आणि अर्धं माइक. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जीभ अजून जुन्याच स्टँडवर उतरते.) मुहूर्त साडेबाराचा असला तरी अकरापासून एक गुरुजी माइक धरून उभे राहतात आणि मांडवात शिरणाऱ्या प्रत्येक वजनदार माणसाचं स्वागत करतात. आजी सरपंच, माजी सरपंच, पडलेले सरपंच, सोसायटीचे चेअरमन, खताच्या दुकानाचे मालक! गुरुजींच्या हातात चिठ्ठी गेली, की ती वाचली जाते. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं केमिस्ट होतो. कुणाच्या उसात किती साखर आहे हे मी ठरवायचो. पण माझं स्वागत कधी कुणी केलं नाही. एकदा तर मीच माझ्या नावाची चिठ्ठी लिहून पुढे सरकवली होती. गुरुजींनी तिच्यात बडीशेप गुंडाळून खिशात टाकली.

उसातली साखर मोजता मोजता ती माझ्या रक्तात कधी शिरली, कळलंच नाही. आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरात साखरेचा डबा कुठे असतो हे फक्त माझ्या बायकोला, शालनला ठाऊक. मध्यंतरी डॉक्टरांनी माझ्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवली. तिच्यामुळे माझी साखर सारखी मोबाईलवर दिसते. माझ्याही, आणि शालनच्याही! म्हणजे मी चोरून पेढा खाल्ला, की तो माझ्या पोटात पोचायच्या आत तिला बातमी.

तर माझा भाचा अक्षय, त्याचं लग्न ठरलं. मुलगी राहात्याची, लग्नही तिकडंच. माझी धाकटी बहीण मंदा महिनाभर आधी घरी आली आणि माझा हात धरून बसली. दाजी गेले तेव्हा अक्षय आठवीत होता.

"दादा, मंगलाष्टकांना त्याच्या पाठीमागं तू ताठ उभा पायजेस. त्याचे वडील न्हाईत. लोक तुझ्याकडं बघणार हायेत."

मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाच्या मागे मामानं उभं राहायचं, ही आमची रीत. एरवी त्यात काही विशेष नाही. एखादा खांबही ते काम करील. पण मंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "मंदे, भूकंप झाला तरी हलणार न्हाई."

शालन स्वयंपाकघरातून म्हणाली, "भूकंपाचं र्‍हाऊ द्या. नाचायचं तर नाचा. पण एक थेंब जरी घेतलात ना, तर हा माणूस कोण हे मला ठाऊक न्हाई."

लग्नाच्या दिवशी आमचं वऱ्हाड श्रीगोंद्याहून पहाटेच निघालं आणि नऊला राहात्यात पोचलं. शालननं मोजून गोळी दिली आणि पोह्यांची बशी हातात ठेवून ती साडी बदलायला गेली. आता माझी हुशारी बघा. गोळी घेतली, पोहे नाही खाल्ले. पोहे टाळले म्हणजे साखर वाचली, आणि वाचलेल्या साखरेत दुपारी एक जिलेबी बसते! बशी मी शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकली. त्यानं मला तोंड भरून आशीर्वाद दिला. तो लागू पडला नाही.

मग परण्या निघाला. (परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेणं. मारुती ब्रह्मचारी, त्यामुळे हा गोंधळ तो दरवर्षी तटस्थपणे बघतो.) पुढे डीजेचा टेम्पो, मागे घोड्यावर अक्षय, आणि मध्ये आम्ही. तेवढ्यात बबनतात्यानं मला टेम्पोच्या आडोशाला ओढलं. बबनतात्या हा अक्षयचा चुलता. त्याच्या काखेत चहाचा थर्मास होता. थर्मासमध्ये चहा नव्हता.

"मामा, एक झाकण."

"न्हाई तात्या. शुगर हाय मला."

"अवो, हिच्यात कुठली आलीय साखर?"

आणि इथं माझ्यातला केमिस्ट जागा झाला. मी विचार केला. ऊस गाळला, साखर काढली, उरली मळी. मळीपासून होते दारू. म्हणजे हिच्यातली साखर आधीच काढून घेतलेली! काढली कुणी? आम्हीच! एकतीस वर्षं!

मी हे तात्याला समजावून सांगितलं. त्याचे डोळे विस्फारले. "म्हंजे ही तर पथ्याचीच झाली की वो!"

"शास्त्र म्हणतात तात्या याला," मी म्हणालो आणि दोन झाकणं घेतली. (झाकण बाटलीचं नव्हतं, थर्मासचं होतं. त्यात मावतो एक कप.)

मग मी नाचलो. गुडघे विसरून नाचलो! मधेच तात्यानं माझा मोबाईल हिसकावून बघितला आणि ओरडला, "मामा! निघताना दोनशे चौदा हुती, आता एकशे शहात्तर!"

अकरा वर्षं ज्या आकड्यासाठी मी मेथीदाणे चावले, कारल्याचा रस प्यायलो, तो आकडा इथं डीजेपुढं आपल्या पायांनी खाली येत होता! मी आणखी एक झाकण घेतलं. एकशे एकतीस! तात्यानं पोरांना गोळा केलं. "मामाची शुगर शंभराच्या आत आणायची रं!" पोरांनी मला खांद्यावर घेतलं, खाली ठेवलं, रुमाल दातात देऊन माझी नागीण केली. चौथं झाकण. अठ्ठ्याण्णव! अख्ख्या परण्यात जल्लोष झाला. नवरदेवाकडं बघतंय कोण? घोडासुद्धा माझ्याकडे बघत होता.

मारुतीहून परत आल्यावर तोंडात चार लवंगा कोंबून मी थेट मांडवात शालनकडे गेलो आणि चार हात लांबूनच मोबाईल दाखवला.

"अगं बाई! अठ्ठ्याण्णव? हे कसं काय?"

"नाचलो," मी ओठ शक्य तितके मिटून म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं कौतुकानं बघितलं, की मला क्षणभर खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण त्याच क्षणी माझी नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, कढईतून निघणाऱ्या जिलेबीवर गेली. शालननं ती नजर पकडली. पर्समधून पेन काढलं, चिठ्ठी लिहिली आणि गुरुजींकडे पाठवली.

"आत्ताच हाती आलेल्या सूचनेनुसार," माइक दुमदुमला, "नवरदेवाचे मामा, श्रीगोंद्याचे नामवंत निवृत्त केमिस्ट, श्रीमान पोपटराव..."

माझी छाती फुगली. अखेर! दोन हजार माणसांपुढे!

"...यांना शुगर आहे. तरी वाढपी, आचारी आणि समस्त वऱ्हाडी मंडळींनी त्यांना जिलेबी, बुंदी, सरबत अथवा कोणताही गोड पदार्थ देऊ नये. त्यांनी स्वतः मागितला तरी देऊ नये. हुकमावरून, मामी."

लोक हसले. मीही हसलो. पण हसताना माझे हात थरथरत होते. मला वाटलं, अपमानानं असेल. मग दरदरून घाम फुटला. पाय कापसाचे झाले. डोळ्यांपुढे मांडवाच्या झालरी लहान-मोठ्या व्हायला लागल्या. मोबाईल काढला तर चौसष्ट, आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण!

साखर कमी झाली की ताबडतोब गोड खायचं, हे डॉक्टरांनी मला शंभरदा सांगितलं होतं. मी आचाऱ्याकडे धावलो. म्हणजे मला वाटलं धावलो. बघणाऱ्यांच्या मते मी झुलत गेलो.

"एक... जिलेबी..." जीभ जड झाली होती.

"मामा, आत्ताच पुकारलंय. मामींच्या हातचा मार मी खायचा व्हय?"

"मला गरज हाय... खरंच..."

"स्वतः मागितली तरी द्यायची न्हाई, असंच सांगितलंय!"

मुहूर्ताआधीच मांडलेल्या पहिल्या पंगतीत माझी मथुराआत्या बसली होती. लहानपणी तिनं मला मांडीवर बसवून लाडू भरवलेत. तिच्या ताटात तीन जिलेब्या होत्या. मी हात पुढे केला, तर तिनं ताटावर पदर झाकला!

"न्हाई रं बाबा. तुझ्या जिवावर बेतंल."

"आत्ये, न दिल्यानं बेतंल!"

"चढलीय याला," आत्या शेजारणीला म्हणाली.

आता सांगायचं कसं? चढली नव्हती असं तरी कुठल्या तोंडानं म्हणणार? तेवढ्यात तात्या देवासारखा धावून आला. "मामा, उतारा देतो!" म्हणत त्यानं नवरदेवाच्या कट्यारीला टोचलेलं लिंबू उपटलं आणि माझ्या तोंडात पिळलं. दोन हजार पानांची गोड पंगत, आणि माझ्या वाट्याला लिंबू!

"नवरदेवाचे मामा! मामांनी ताबडतोब स्टेजवर यावं! मुहूर्त जवळ आलेला आहे!"

मी समोर बघितलं. मंदा माझ्याकडेच बघत होती. मी तिथं पडलो असतो, तर माझ्या बहिणीच्या एकुलत्या एका पोराच्या लग्नात लोकांनी फक्त पडलेला मामा लक्षात ठेवला असता. मला इतकी लाज वाटली, की तिच्या जोरावरच मी पायऱ्या चढलो. अंतरपाट धरला गेला. मी अक्षयच्या मागे उभा राहिलो आणि त्याच्या शेरवानीला घट्ट धरलं.

पहिली मंगलाष्टका सुरू झाली. हातात अक्षता होत्या. अक्षता म्हणजे तांदूळ. तांदूळ म्हणजे पिष्ट. पिष्टाची होते साखर! शास्त्र पुन्हा मदतीला आलं आणि मी मूठभर अक्षता तोंडात टाकल्या. कच्चे तांदूळ, हळदीकुंकवासकट! पहिल्या रांगेतले माजी सरपंच आ वासून बघत राहिले.

शालननंही बघितलं. तिनं मोबाईल काढला, एकदा आकडा बघितला, एकदा माझा चेहरा, आणि पदर खोचून ती स्टेजवर चढली. दुसरी मंगलाष्टका संपून गुरुजींनी श्वास घेतला होता. माइक स्टँडवर होता. स्टँड माझ्या हनुवटीजवळ होता. पुढचं सगळं राहात्याच्या वेशीपर्यंत ऐकू गेलं.

"आ करा!"

"उं?"

"आ करा म्हणते ना! चोपन्न झालीय! सकाळी पोहे खाल्ले होते का?"

"न्हाई."

"घेतलीत?"

मी तांदूळ चावत राहिलो.

"घेतलीत का?"

"दोन झाकणं."

"कसली झाकणं?"

"थर्मासची."

"दोन?"

"...चार."

शालननं पर्समधून ग्लुकोज पावडरचा पुडा काढला, दातानं फाडला आणि माझ्या तोंडात ओतला. अकरा वर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तो पुडा तिच्या पर्समध्ये असायचा, आणि मला त्याचा पत्ता नव्हता! मला वाटायचं, ही फक्त माझ्या तोंडातलं काढून घ्यायला जन्मली आहे.

"साऽवधान!" गुरुजी सवयीनं म्हणाले. दोन हजार माणसांच्या अक्षता पडल्या. त्यातल्या बऱ्याचशा माझ्यावर नेम धरून आल्या.

उरलेल्या मंगलाष्टका मी ताठ उभा राहिलो. फोटोत तसं स्पष्ट दिसतं: पुढे नवरदेव, त्याच्या मागे मामा, आणि मामाच्या मागे मामी, जिचा हात मामाच्या पट्ट्यात रुतलेला आहे. माळा पडल्या तेव्हा मी एकशे चारवर आलो होतो.

मंदा आली. रागावेल असं वाटलं होतं. पण ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "उभा र्‍हायलास रे दादा."

"मी कसला उभा राहतोय," मी म्हणालो. "वहिनीनं धरला."

परतीच्या वाटेवर शालननं डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ते म्हणाले, दारूत साखर नसते हे काकांचं बरोबर आहे. पण दारू आवरण्यात लिव्हर गुंतलं, की रक्तात साखर सोडायचं काम ते बाजूला ठेवतं. त्यात पोटात गोळी, पण अन्न नाही, आणि वर तासभर नाच! केमिस्ट माणसाला एवढं कळायला हवं होतं. मी खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिलो. नगर येईपर्यंत शालन पर्स मांडीवर आवळून बसली. मग हळूच म्हणाली, "नागीण मात्र बरी केलीत." तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

पुढच्याच महिन्यात श्रीगोंद्यात एक लग्न होतं. नेमके तेच गुरुजी माइकवर. आम्ही मांडवात शिरलो आणि त्यांनी आम्हाला ओळखलं! चेअरमनचं स्वागत अर्ध्यावर सोडून ते ओरडले, "आत्ताच आपल्यात आगमन झालेलं आहे..." मी कोट नीट केला, मान ताठ केली.

"...सौभाग्यवती शालनमामींचं! आणि त्यांच्यासोबत आलेली आहे..." गुरुजी थांबले. मी श्वास रोखला. "...त्यांची पर्स! तरी परण्यातल्या मंडळींनी निर्धास्त नाचावं!"

टाळ्या कडाडल्या. शालननं हसून नमस्कार केला. तिला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून पर्स माझ्याकडे होती.