मरळ हाकी

आजकाल मांजरासाठी पिशवीतनं वाळू मिळते म्हणे, तीही सुवासाची. मिळू दे बापडी. मी कर्नाटकातल्या रामनगरला सून होऊन आले तेव्हा माझ्या मांजरीच्या डब्यात काय घालावं यावरून आमच्या घरात जे रामायण झालं, ते आजच्या दुकानदाराला सांगून पटायचं नाही.

मांजर माझ्या माहेरची. टोपलीत घालून, वर फडकं बांधून मी तिला रेल्वेनं आणली होती. सासरी माझं म्हणावं असं तेवढंच. पण आमच्याकडं झड लागली की अंगणाचा नुसता चिखल, आणि ही राणी ओल्यात पाय टाकायला तयार नाही. एकदा तिनं आत्यांच्या वाकळेवरच घाण केली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट. शांतपणे म्हणाल्या, "फुडच्या बाजारापातूर हिची सोय लाव. न्हाईतर आणलीस त्याच टोपलीतनं परत धाड."

मी तेलाचा डबा आडवा कापला आणि त्यात चुलीतली राख भरली. मांजर खूश. खसाखसा उकरून बसली, वर झाकूनही टाकलं. मला वाटलं, जिंकले. पण राख म्हणजे आपली जागा, एवढं तिनं पक्कं डोक्यात घेतलं. भांडी घासायची राख मोरीजवळ मडक्यात असायची. सकाळी आत्या भांड्यांना बसल्या आणि त्यांनी मडक्यातनं मूठभर राख उचलली. पुढचं सांगत नाही.

मग मी लाकडाचा भुसा घातला. सॉ मिलमधनं ह्यांनी शेगडीसाठी पोतंभर आणून ठेवला होताच. मांजरीला तोही आवडला, आणि दुसऱ्या दिवशी ती डबा सोडून थेट पोत्यात. संध्याकाळी ह्यांनी त्याच पोत्यातला भुसा ठासून शेगडी पेटवली, तशी घरातली सगळी माणसं पडवीत येऊन बसली. तिचं तरी काय चुकलं म्हणा. आमच्या घरात बिनकामाची वस्तूच नव्हती, आणि तिला हवी होती फक्त तिची अशी एक.

शेजारी फॉरेस्टातल्या साहेबांची बायको राहायची, शिवमोग्याकडची. तिला मराठी येत नव्हतं, मला कानडी जेमतेम. मी कुंपणावरनं तिला डबा दाखवला, मांजर दाखवली, नाकाला पदर लावून दाखवला. ती लगेच डब्याकडं बोट करून म्हणाली, "मरळु हाकी."

मी ह्यांना विचारलं. ह्यांना कानडी पाण्यासारखं यायचं. "हाकी म्हणजे घाला. मरळ घाला म्हणत्यात."

"मरळ? मासा?"

"मग दुसरी कंची मरळ हाय?"

मला जरा विचित्र वाटलं, पण बाजार तोंडावर आला होता. ह्यांनी शेतातल्या पाण्यातली एक चांगली हातभर मरळ धरून आणली. मी तिचे तुकडे करून डब्यात मांडले. मांजरीनं डबा चाटूनपुसून साफ केला आणि तृप्त होऊन आत्यांच्या धुतलेल्या वाकळेवर जाऊन कार्यक्रम उरकला.

आत्यांनी कपाळावर हात मारला. "हागणदारीत मासं वाढत्यात व्हय गं कुणी?"

गलका ऐकून शेजारीण आली. डब्यातले काटे बघून तोंडात पदर कोंबून हसत सुटली. मग गोठ्यात, भिंत बांधून उरलेला वाळूचा ढीग होता, त्यातली मूठ भरून तिनं ह्यांच्या नाकासमोर धरली. "इदु मरळु." आमच्याकडच्या कानडीत वाळूला उसुक म्हणतात. त्यांच्याकडं वाळू म्हणजे मरळु, हे ह्यांच्या गावीही नव्हतं. पुढं दोन दिवस ह्यांनी कानडीचं नाव काढलं नाही.

मी डब्यात वाळू भरली. पण गोठा गळका, वाळू ओली. मांजरीनं एक पाय ठेवला, झटकला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी बाजार. मी मांजरीला पोटाशी घेऊन झोपले आणि मुकाट रडले.

सकाळी उठले तर खुंटीवरची टोपली नव्हती. मांजरही नव्हती. तशीच स्वयंपाकघरात धावले. आत्या चुलीपुढं बसून जुन्या कढईत उलथन्यानं काहीतरी परतत होत्या, आणि मांजर त्यांच्या मांडीला टेकून कढईकडं बघत होती.

कढईत वाळू होती.

"वली व्हती," आत्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "वल्यात कशी बसंल ती? माहेरचं एवढं एकच तर आणलंईस."

त्यांनी गरम वाळू डब्यात ओतली, निववली, मांजरीला उचलून वर ठेवलं. ती बसली. मग आत्यांनी पाठीमागची टोपली माझ्या हातात दिली.

"जा बाजाराला. हिच्यासाठी मरळ मिळती काय बघ," त्या म्हणाल्या. "मासा म्हणतीया मी. वाळू घरात हाय."