मामेसासऱ्यांचा ब्लॅकआउट

अमेरिकेतला बेसबॉल माझ्या मामेसासऱ्यांइतका कुणालाही कळत नाही, निदान मराठीतून तरी नाहीच. माझ्या बायकोचे हे मामा सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर, तिथल्या तेल-रसायनांच्या कारखान्यांत, इंजिनियर आहेत. तीस वर्षं कंपनीच्या बसमधून ये-जा करणारा हा माणूस एवढा नियमाचा, की रस्ता अगदी मोकळा असला तरी सिग्नलवर हिरवा माणूस उगवल्याशिवाय पाऊल टाकत नाही. क्रिकेटसुद्धा त्यांना धड आवडत नाही. पण तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ, म्हणून शनिवार-रविवारी सातच्या ठोक्याला मामा आंघोळ करून हौगांगच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसतात. त्या तीन तासांत जावयालाही स्वतःचा चहा स्वतःच करून घ्यावा लागतो. खेळाचे शब्द त्यांनी घरीच पाडले आहेत. बेस म्हणजे ठाणं, चेंडू फेकणारा तो फेक्या. "शिरला, दुसऱ्या ठाण्यात शिरला," असं ते एकदा इतक्या जोरात ओरडले की शेजारची चिनी बाई दार वाजवून विचारून गेली, "अंकल, यू ओके अ?"

हे सगळं ते फोनवर सांगत असतात, आपल्या मुलीला. मुलगी अमेरिकेत असते आणि तिच्या शहराच्या संघावर तिचा भारी जीव. मैदानाचे दिवे तिच्या गॅलरीतून दिसतात, पण मॅच दिसत नाही. कारण लीगचा ऑनलाइन पास घेतला तरी आपल्याच शहराच्या संघाची मॅच त्यावर लागत नाही. तिथले प्रक्षेपणाचे हक्क स्थानिक वाहिनीने विकत घेतलेले. त्याला म्हणतात ब्लॅकआउट. सिंगापूरला असली काही आडकाठी नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार. तेव्हा अर्ध्या पृथ्वीपलीकडे बसून मामा बघणार आणि ती मैदानाशेजारी बसून ऐकणार. अशा वेळी लोक आपण दुसऱ्याच देशात आहोत असं इंटरनेटला भासवायची युक्ती करतात, ती मी एकदा सुचवली, तर मामांनी मला नियमांवर व्याख्यान दिलं. अडचण नियमांचीच आहे, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

मामी होत्या तोवर मुलीचा फोन आला की मामा "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे व्हायचे. मामी गेल्या आणि फोन मिनिटभरात संपायला लागले. मग हा ब्लॅकआउट सापडला. एरवी चार शब्द न बोलणारे मामा फेक्याने टोपी कशी सारखी केली तेही रंगवून सांगू लागले. मामांनी काही गाळलं की मध्येच मुलगी सिंगापुरी थाटात म्हणायची, "बाबा, डोन्ट स्किप लाह." मामांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असायचा.

या मोसमात हक्क बदलले. त्या वाहिनीचा करार संपला आणि लीगने शहरातल्या लोकांनाही ऑनलाइन मॅच खुल्या केल्या. मुलीने आनंदाने कळवलं की आता तिला घरबसल्या दिसतं, बाबांनी आराम करावा. मामांनी तिचं अभिनंदन केलं. पुढच्या शनिवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मामांचं मत पडलं की यंदा खेळातच दम राहिलेला नाही.

परवा त्यांनी मला बोलावून घेतलं. मी ऑफिसात करारमदार तपासतो, म्हणून एका पत्राचं इंग्रजी बघायचं होतं. पत्र लीगला होतं. पासचा नंबर, मुलीचा पत्ता आणि खाली नम्र विनंती, की सदर ब्लॅकआउट या एका घरापुरता पूर्ववत करण्यात यावा. मला हसू फुटणार होतं, पण मामांकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"मामा, यात कारण लिहिलेलं नाही."

टीव्हीवर मॅच चालू होती, आवाज बंद करून. मामा तिकडेच बघत होते.

"तेच जमत नाहीये, जावईबापू," ते म्हणाले. "जेवलीस का, एवढं विचारून झालं की तिच्याशी पुढे काय बोलायचं, ते मला येत नाही."

मी इंग्रजीतल्या दोन चुका दुरुस्त केल्या. कारणाची ओळ मलाही लिहिता आली नाही.