दीड हात पाणी

सीनेकाठच्या एका गावात पुराचा इतिहास शोधायला चाललोय, असं सोलापूरच्या एसटी स्टँडवर ज्याला सांगितलं त्याने मला नीट निरखून घेतलं. "आमच्या जिल्ह्याचा इतिहास म्हणजे टँकर," कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला. पूर हे त्याच्या मते नदीला उतारवयात लागलेलं व्यसन होतं.

चिंचोळी एमआयडीसीपाशी डबे घेतलेले कामगार उतरले आणि बस निम्मी रिकामी झाली. पुढे सीनेचा पूल लागला. खाली फेब्रुवारीतलं पाणी, गुडघाभरही नसेल. दोन म्हशी त्यात बसायला जागा शोधत होत्या. या नदीने घरं पाडली यावर विश्वास ठेवायला बरीच श्रद्धा लागते.

गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना अजून तिथेच राहायचंय.

गावात शिरताच घाटाजवळ कमान दिसली: 'पूरस्मृती चौक'. चौकात स्टीलच्या कठड्याआड एक काळा दगडी खांब, तेल लावल्यासारखा चकचकीत. खाली गुलाबी फरशी, बाजूला संगमरवरी फलक. फलकावर उद्घाटनाला आलेल्यांची सतरा नावं होती, आणि पूर कोणत्या वर्षी आला ते कुठेच नव्हतं. खांबावर मात्र आडव्या रेघा कोरल्या होत्या. प्रत्येक मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढलं, तिथे एक रेघ. खांब कित्येक पिढ्या इथेच उभा आहे. गेल्या पुरानंतर काढून, घासूनपुसून पुन्हा त्याच जागी बसवला एवढंच.

समोर पिठाची गिरणी. गिरणीवाले तात्या भुवयांपर्यंत पीठ लागलेले, ऐंशीच्या घरातले. मी वही काढताच त्यांनी पट्टा बंद केला.

"बहात्तरला ह्या नदीत आमी क्रिकेट खेळलो. किल्लारी झाली त्या पहाटं मांडणीतली भांडी आपोआप वाजली की. गारा तर आशा पडल्या, बागंतली द्राक्षं झाडाखाली शोधायची. आन् पुराचं म्हनाल तर दगडावर लिवलंय. सात रेघा हायत."

मी मोजल्या होत्या. पाच होत्या. म्हातारी माणसं प्रत्येक गोष्टीत दोन वाढवून सांगतात, असं मनाशी म्हणून मी वहीत पाच लिहिलं.

जेवायला तात्यांनी मला सुशीलाक्कांकडे धाडलं. गेल्या पुरात त्यांचं मातीचं घर बसलं. तेव्हापासून त्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात आणि शेजारी, जुन्याच जागेवर, नवं घर उभं राहतंय. जोतं (घराचा जमिनीपासून उचललेला चौथरा) विटांनी बांधून झालं होतं. त्यावरचं काँक्रीट दुसऱ्या दिवशी सकाळी पडणार होतं. अक्कांनी कडक भाकरी (वाळवून पापडासारखी केलेली ज्वारीची भाकरी), शेंगाची चटणी आणि दही पुढे केलं. माझ्या पहिल्याच घासाचा आवाज ऐकून त्या हसल्या. "दातानं न्हवं, दह्यात बुडवा. पुण्याचं दात हायत त्ये."

गवंडी मल्लप्पाही तिथेच जेवत होता. कानडी घरातला, मराठी बोलताना मध्येच आकडे कानडीत मोजणारा. जोत्याची उंची कशी ठरवली, असं मी विचारलं तेव्हा त्याने पारदर्शक नळी दाखवली. नळीत पाणी भरायचं. एक टोक दगडावरच्या सगळ्यात वरच्या रेघेला धरायचं, दुसरं घराशी. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत राहतं. त्या पातळीच्या एक हात वर जोतं. या गावात घरं अशीच बांधतात. इंजिनिअर येतो, चहा पितो आणि मग नळी दगडापासून आणतात.

मी गमतीने तात्यांच्या दोन जादा रेघा सांगितल्या. मल्लप्पाचा घास हातातच राहिला.

"सातच हायत की सायेब. खालच्या दोन माज्या आज्यानं कोरल्यात. सगळ्यात वरची, गेल्या पुराची, मी."

"आत्ता पाचच आहेत."

तो हात न धुताच उठला. चौकात कठडा ओलांडून खांबापाशी बसला, रेघांवरून बोट खाली नेत गेला. ऐदु. पाच. त्याखाली गुलाबी फरशी. तिथे तो बोटाने नुसती फरशी खरवडत राहिला.

"चौक करताना बुडवलाय ह्येनी," तो म्हणाला. "हालू नये म्हनून खोल गाडलाय."

मला समजायला वेळ लागला. दगड खाली गेला, म्हणजे त्याच्याबरोबर सगळे पूर खाली गेले होते.

खात्री करायला एकच जागा होती. गिरणीतलं यंत्र जड म्हणून तात्यांनी त्यामागच्या भिंतीला पुरानंतर चुना लावलेला नव्हता. गाळाची ओळ तशीच होती. मी दगडापाशी नळीचं टोक वरच्या रेघेला धरलं, मल्लप्पा दुसरं टोक घेऊन गिरणीत गेला. मग टोक त्याच उंचीवर कठड्याला बांधून मीही आत गेलो. नळीतलं पाणी स्थिर झालं होतं. गाळाची ओळ त्याच्या दीड हात वर होती. रेघेच्या एक हात वर बांधलेलं जोतंही तेवढ्या पुरात बुडणार होतं.

मल्लप्पा पिठाच्या पोत्यावर बसला. "आठ जोती काढली मी ह्या दगडावरनं. सात घरांत लोकं ऱ्हायाला गेली."

सुशीलाक्का दारात उभ्या होत्या. "पानी माज्या गळ्यापातूर आलतं," त्या सावकाश म्हणाल्या. "दगूड म्हनत हुता, कमरंएवडंच. मला वाटलं, भ्यालेल्या मानसाला पानी जास्त दिसतंय. मी कुनाला बोलले न्हाय."

बाई गळाभर पाण्यात उभी राहिली होती आणि दगडासमोर तिने स्वतःचा गळा खोटा ठरवला होता.

चौकाचं काम ज्या कार्यालयाने केलं होतं, ते संध्याकाळी बंद व्हायच्या आत मी आणि मल्लप्पा तिथल्या साहेबांना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं. "दगडाला आता हात लावता येणार नाही. लोकार्पण झालंय."

"पण रेघा खोट्या आहेत."

"रेघा खऱ्याच आहेत," त्यांनी माझी चूक दुरुस्त केली. "दगड थोडा खाली आहे."

सकाळी काँक्रीटची माणसं आली, त्यांना अक्कांनी चहा देऊन परत पाठवलं.

"इटा चढव," त्या मल्लप्पाला म्हणाल्या.

"किती, अक्का?"

जोत्यासमोर जुन्या घराचा उंबरा अजून जागेवर होता. पुरात उभ्या होत्या तशाच अक्का त्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि आडवा हात गळ्याला लावला. "हितनं मोज."

मल्लप्पाने नळीचं टोक त्यांच्या गळ्याशी धरलं. अक्का श्वास रोखून, फोटोला उभ्या राहतात तशा. दुसरं टोक गिरणीपर्यंत पुरलं नाही, तेव्हा मध्ये एक खुंटी ठोकून पातळी पुढे नेली. गिरणीतून तात्यांचा आवाज आला, "बराबर! वळीवर आलं!" अक्कांनी श्वास सोडला आणि उंबऱ्यावरच खाली बसल्या. चिंचोळीच्या कारखान्यात कामाला असलेल्या आपल्या मुलाला फोन लावून म्हणाल्या, "व्हय, मला आटवत हुतं त्येच खरं हाय." मग पदराने तोंड झाकलं.

दुपारच्या बसने परतलो. घरी येऊन हे लिहायला बसलो तेव्हा वहीतला 'पाच' हा आकडा खोडायचा की ठेवायचा, हे ठरेना. ज्यांना तो पूर स्वतः आठवत होता त्या सगळ्यांपेक्षा मीही दगडावरच विश्वास ठेवला होता. शेवटी ठेवला.

महिन्याने अक्कांचा फोन आला. जोतं पूर्ण झालं, भिंती चढतायत, वास्तूला या.

"बाकीचे काय म्हणतात? त्या सात घरांतले?"

"म्हनत न्हाईत काय. येत्यात सांजच्याला," त्या म्हणाल्या. "माज्या जोत्याला खेटून हुबं ऱ्हात्यात, त्ये आपल्या अंगाला कुटवर येतंय बघत्यात, आन् पोरास्नी घिऊन घरी जात्यात."