नणंदेचे सासरे आणि याकुतियाची विमानं

माझ्या नणंदेच्या सासऱ्यांइतकं याकुतियावर प्रेम करणारा माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये सापडणार नाही, आणि तिथली विमानं का पडली याची त्यांच्याइतकी खडान्‌खडा माहिती असलेला माणूस बहुधा याकुतियातही नसेल. याकुतिया म्हणजे रशियाच्या सायबेरियातला एक अवाढव्य प्रांत. तिथे रस्ते जवळजवळ नाहीत, हिवाळा संपता संपत नाही, आणि गावातून गावात माणसं, औषधं, मासे, सगळं विमानानेच न्यावं लागतं. साहजिकच विमानं पडतातही. आता वर्ध्याच्या उन्हात वाढलेल्या, उभी हयात इंग्लंडच्या हॉस्पिटलांत पेशंटना भूल देण्यात घालवलेल्या आणि निवृत्तीनंतर एजवेअरमध्ये गुलाबांना पाणी घालणाऱ्या गृहस्थाचा या सगळ्याशी संबंध काय? हा प्रश्न मी लग्न होऊन इथे आले त्या वर्षी नणंदेला विचारला होता. ती म्हणाली, "वहिनी, प्लीज त्यांच्यासमोर विचारू नकोस. आपल्याला सातच्या आत जेवायचंय."

काकांच्या (आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो) बैठकीच्या खोलीत गणपतीच्या तसबिरीशेजारी याकुतियाचा भलामोठा नकाशा आहे. तो त्यांनी एका चॅरिटी शॉपमधून आणला. वर्ध्याला शाळेत असताना स्वस्तात मिळणारी रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरं वाचून सायबेरियाचं वेड लागलं होतंच, पुढे ईलिंगच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन ते रशियनही शिकले. पहिल्यांदा घरी आलेल्या पाहुण्याला ते आधी त्या नकाशासमोर उभं करतात आणि मग चहाचं विचारतात. "हे बघा, इथे पंखांवर बर्फ होता. इथे सामान जास्त भरलं होतं, कारण पलीकडच्या गावात लग्न होतं. इथे वैमानिक थकलेला होता, आणि थकलाय हे सांगायची त्याला लाज वाटली." हे सारं ते इतक्या मायेने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, गावाकडच्या भावकीची चौकशी चालली आहे. विमानात बसायची मात्र त्यांना काडीची भीती नाही. उलट हीथ्रोवर खिडकीशी बसून ते पंख निरखतात आणि शेजारच्या प्रवाशाला समाधानाने सांगतात, "छान, बर्फ काढलेला दिसतोय. नाहीतर आपण गेलोच होतो." मुंबईच्या एका प्रवासात शेजारच्या बाईंनी एअर होस्टेसला बोलावून जागा बदलून घेतली. काकांना त्याचं मनापासून वाईट वाटलं, कारण ते नुकतेच इंधनात मिसळणाऱ्या पाण्याच्या मुद्द्यावर येत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर आम्ही त्यांना छांदिष्ट म्हणून सोडून दिलं असतं. पण काकांनी याकुतियाचा कायदा आमच्या स्वयंपाकघरांना लावला. घरात काहीही बिघडलं, सांडलं, फुटलं, करपलं की ते चौकशी बसवतात, आणि त्या चौकशीत "कोणी केलं?" हा प्रश्न विचारायला सक्त मनाई. विचारायचं ते एवढंच, "काय काय झालं?" एका दिवाळीला माझ्या चकल्या तेलात विरघळल्या. सासूबाई काही बोलायच्या आत काका कढईशी हजर! "तुझा दोष नाही गं. मोहन जास्त झालं, कारण वाटी नवीन होती. तेल पुरतं तापलं नव्हतं, कारण शेगडी इंडक्शनची आहे आणि तुला गॅसची सवय. आणि तू फोनवर होतीस, कारण तुझ्या आईला दिवाळीतच फोन करावासा वाटणार. यातली एक गोष्ट जरी नसती, तरी चकली वाचली असती." सासूबाईंनी जुनी वाटी शोधून माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून काका हे माझं दैवत आहेत, हे मी उघडपणे सांगते.

मग गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाचं विमान पडलं.

आमचा उत्सव एजवेअरजवळच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये होतो. सायली नावाची साताऱ्याची नवी नवरी त्या वर्षी पहिल्यांदाच आली होती. कोणी ओळखीचं नव्हतं, म्हणून बिचारी पडेल ते काम करत होती. आरतीच्या वेळी कोणीतरी तिला म्हणालं, "कापूर लाव गं." तिने साताऱ्याच्या हाताने, म्हणजे सढळ हाताने लावला. धुराचा लोट छताकडे गेला आणि सगळ्या इमारतीत फायर अलार्म बोंबलायला लागला. आम्ही सगळे पैठण्या सावरत कार पार्कमध्ये! फायर ब्रिगेड आली. हेल्मेटवाले धिप्पाड जवान आत गेले, तर समोर एकटे गणपतीबाप्पा आणि मोदकांचं ताट. आमच्या लोकांनी तेवढ्यात बाहेर थंडीत कुडकुडत उरलेली आरती पूर्ण केली, त्यामुळे धर्म वाचला. पण हॉलवाले खवळले. दुसऱ्याच आठवड्यात निरोप आला की जबाबदार व्यक्तीचं नाव कळवा, त्या व्यक्तीला हॉलमध्ये कायमची बंदी घालू, तरच पुढच्या वर्षी हॉल मिळेल.

मंडळाची बैठक काकांच्याच घरी, त्या नकाशाखाली भरली. सेक्रेटरी रोहन इथेच जन्मलेला, सॉलिसिटर आणि स्वभावाने अगदी सरळ. तो म्हणाला, "Look, इट्स सिंपल. त्यांना एक नाव पाहिजे. सायलीचा नाव देऊन टाकू. ती तशी पण आता येत नाही." ती येत नव्हती हे खरं होतं. वेम्बलीला ईलिंग रोडवर भाजी घेताना मला दिसली, तर मान खाली घालून दुसऱ्या दुकानात शिरली. बायका बोलायच्या ते तिच्या कानावर गेलं असणारच. या परक्या देशात तिला मराठी बोलायला आमच्याखेरीज होतंच कोण?

"नाव द्यायचं नाही," काका म्हणाले.

"काका, मग हॉल जाईल."

"हॉल जाणार नाही. चौकशी होईल."

आणि झाली! पुढचे कित्येक दिवस काका मंडळाच्या एकेका माणसाकडे चहाला जात होते. केटररला भेटले, ढोल वाजवणाऱ्यांना भेटले, हॉलच्या नव्या केअरटेकरला तर बाकरवडीचं पाकीटच दिलं. मीच गाडी चालवत असल्यामुळे मला सगळं दिसत होतं. प्रत्येक ठिकाणी त्यांचं पहिलं वाक्य एकच, "मी तुम्हाला नाव विचारायला आलेलो नाही." हे ऐकलं की माणसं भडाभडा बोलायची. मग एके दिवशी ते मला सायलीच्या घरी घेऊन गेले. ती दारातच रडायला लागली. काका कोट काढत म्हणाले, "रडू नकोस. तुला अनारसे येतात का? जाळीदार पाहिजेत."

हॉलच्या विश्वस्तांच्या प्रमुख ब्रिजेटबाई. निवृत्त हेडमिस्ट्रेस, ताठ कण्याच्या. त्यांच्यासमोर एका बाजूला रोहन, मी आणि काका, आणि टेबलावर डबा. डब्यातल्या अनारशांची भोकं काकांनी गाडीत बसून विणायच्या सुईने थोडी मोठी केली होती. "काका, याला पुरावा तयार करणं म्हणतात," मी म्हणाले होते. "याला प्रात्यक्षिक म्हणतात," ते म्हणाले होते.

"मॅडम," काकांनी पहिला अनारसा उचलला, "आमचे जुने सेक्रेटरी दर वर्षी आरतीआधी तुमच्या केअरटेकरला सांगायचे, आणि तो त्या खोलीतला धुराचा सेन्सर बंद ठेवायचा. या वर्षी ते पुण्याला होते. हे पहिलं भोक." दुसरा अनारसा. "केअरटेकर नवीन. ही पद्धत त्याला कोणीच सांगितली नव्हती. हे भोक तुमच्याकडचं." ब्रिजेटबाईंच्या भुवया वर गेल्या. तिसरा. "जेवण लवकर आलं, थंड होईल म्हणून आम्ही आरती अलीकडे ओढली." चौथा. "ढोलाबद्दल शेजाऱ्यांची तक्रार होती, म्हणून खिडक्या बंद." पाचवा अनारसा हातात घेऊन ते क्षणभर थांबले. "आणि एका नवीन मुलीला कापूर लावायला सांगितलं. तिने सांगितलं तसं केलं."

पाचही अनारसे एकावर एक धरून त्यांनी खालून फोनचा टॉर्च लावला. वर उजेडाचा बारीकसा ठिपका दिसला. मग त्यांनी मधला एकच अनारसा किंचित फिरवला. ठिपका गेला.

"तुम्ही मला शेवटच्या अनारशाचं नाव विचारताय," काका इंग्रजीत म्हणाले. "ते मी देणार नाही. हवं तर माझं लिहा. पण मग बाकीची चार भोकं पुढच्या वर्षी तशीच राहतील, आणि त्या वेळी कदाचित खरी आग असेल."

ब्रिजेटबाईंनी पुढे होऊन दुसरा अनारसा, म्हणजे स्वतःकडच्या भोकाचा, उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि खाल्ला. मग म्हणाल्या, "Well. ही आमची पद्धत सुधारावी लागेल." पाठोपाठ चौथाही खाल्ला. नाव कोणाचंच लिहिलं गेलं नाही. हॉल मिळाला! रोहनने बाहेर येऊन काकांना चक्क वाकून नमस्कार केला, आणि ही गोष्ट त्याच्या आईला सांगितली तर तिचा अजून विश्वास बसत नाही.

परतताना मी काकांना विचारलं, इतक्या वर्षांत न विचारलेला तो प्रश्न. याकुतियाच का? ते म्हणाले, "मी इथे नवीन होतो तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये एक गडबड झाली. पेशंट वाचला. पण मीटिंगमध्ये त्यांना एक नाव हवं होतं. मशीन जुनं होतं, नर्सची ड्युटी संपलेली, सिनियर फोनवर येईना. पण नाव कोणाचं घेतलं? ज्याचं कोणाला धड उच्चारताही येत नव्हतं त्याचं. त्याच दिवसांत लायब्ररीत एक लेख वाचला. याकुतियात विमान पडलं, सगळे म्हणाले मेलेल्या पायलटची चूक. पण एक इंजिनिअर त्या थंडीत धावपट्टीवर जाऊन बसला आणि त्याने बाकीची कारणं शोधून काढली. त्या मेलेल्या माणसाचं नाव त्याने सोडवलं गं. माझं सोडवायला कोणी आलं नाही. म्हणून मग त्याचंच वाचत बसलो." मला त्यांचा फार अभिमान वाटला.

याकुतिया काकांनी अजून पाहिलेलं नाही. जायचं म्हणून कान झाकणारी लोकरीची टोपी घेऊन ठेवली होती, पण आता युद्धामुळे तिकडची विमानं बंद झाली आणि काकांचे गुडघेही ऐकेनासे झालेत. यंदाच्या गणपतीत ती टोपी घालूनच ते पहिल्या रांगेत बसले होते. खिडक्या उघड्या होत्या. सायली हातात कापराचं ताट घेऊन उभी होती. केअरटेकरने दारातून हात वर केला, तिने काकांकडे पाहिलं, काकांनी अंगठा उंचावला, आणि मग कुठे कापूर पेटला. आरतीनंतर ब्रिजेटबाई माइकवर आल्या. आमच्या मंडळाचे त्यांनी आभार मानले, आणि मग काकांचं नाव घेतलं. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ते लांबलचक आडनाव एकही अक्षर न अडखळता. घरी पुष्कळ सराव करून आल्या असाव्यात.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घालून तिच्या कानांच्या नाड्या बांधत, सोडत बसले.