वाट करून देणारा

पिशोरकडचा तो मेंढपाळ. नाव विचारायचं राहूनच गेलं. करोनाची दुसरी लाट होती. संभाजीनगरच्या त्या दवाखान्यात ऑक्सिजनची एकच खाट रिकामी होती आणि व्हरांड्यात दोन स्ट्रेचर उभी होती. एकावर त्याची बायको, दुसऱ्यावर माझा धाकटा भाऊ. डॉक्टरनं दोघांनाही तपासलं आणि कुणाकडंच न बघता सांगितलं, "हा वाचेल. याला आत घ्या."

मला वाटलं, आता हा माणूस अंगावर येणार. त्यानं बायकोच्या पायांवरची घोंगडी नीट केली आणि तिचं स्ट्रेचर स्वतःच भिंतीकडं सरकवलं, आमचं आत जावं म्हणून.

संध्याकाळी ती गेली. सकाळी तो पुन्हा गेटपाशी उभा, घोंगडी काखेत.

"तुमचा भाऊ कसा हाय?"

"बरा आहे."

"लई जपा त्याला. नायतर माझी बायको फुकट गेली."

भाऊ जगला. परवा गच्चीवर बिडी ओढताना दिसला. मी ती हिसकावून पायाखाली चिरडली, तसा तो खवळला. "छाती माझी आहे, तुला काय करायचंय?"

आमचं स्ट्रेचर आत गेलं तेव्हा भावाचे डोळे मिटलेले होते; भिंतीकडं सरकवलेलं दुसरं स्ट्रेचर त्यानं पाहिलंच नव्हतं.