आम्हाला काही नको

धाकट्या भावाने बोबड्या बोलात सुरुवात केली आणि सगळं घरच तिला ताई म्हणू लागलं. आईसुद्धा, बाबासुद्धा. ताई संख्याशास्त्र शिकत होती. देवाने तिला बोलण्याची फारशी हौस दिली नव्हती, पण आकड्यांची मात्र भरभरून दिली होती. डब्यातली डाळ किती दिवस पुरेल हे ती झाकण उघडून सांगायची आणि ते खरं ठरायचं.

त्या मंगळवारी ती कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपाशी उभी होती. वर्गातल्या बाकीच्यांना उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची पत्रं येऊन पंधरा दिवस झाले होते, हिचं पत्र आलं नव्हतं. एका औषध कंपनीच्या संख्याशास्त्र विभागात हिची निवड झाल्यात जमा आहे, असं सरांनी स्वतः सांगितलं होतं. शेवटी ती क्लार्कच्या खनपटीला बसली, तेव्हा त्याने कंपनीला फोन लावला, दोनदा 'हं' म्हणाला आणि खाली ठेवला.

"तुम्हीच नाही म्हणालात की."

"मी? कधी?"

"त्यांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा एका गृहस्थांनी 'आम्हाला काही नको' म्हणून ठेवून दिला. जागा दुसरीला गेली."

ते गृहस्थ कोण हे तिला विचारावं लागलं नाही. अर्ज भरायच्या आठवड्यात तिचा मोबाईल बादलीत पडून दुरुस्तीला गेला होता, आणि 'चालू असलेला नंबर द्या' असं याच क्लार्कने बजावल्यामुळे तिने बाबांचा दिला होता.

"आता काय करू?"

"शनिवारी एकपर्यंत फॉर्म आणा. कंपनीचा शिक्का, सही, आणि सोमवारपासून सहा आठवडे. नाही आणलात तर शेवटच्या सत्राला बसता येणार नाही. पुढच्या वर्षी बसा." एवढं बोलून त्याने पुढच्या मुलाचा कागद घेतला.

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत. ताई तिथून तडक दुकानात गेली. दारातूनच सुनवायचं असं वाटेत ठरवून ठेवलं होतं. बाबा मशीनपुढे वाकून बसले होते, आणि मशीनच्या वर भिंतीला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. वळणदार मोठी अक्षरं: 'अनोळखी नंबर आला की "आम्हाला काही नको" म्हणायचं आणि ठेवायचं. एक शब्द जास्त बोलायचा नाही.'

अक्षर ताईचंच होतं. बँकेचं खातं रिकामं करणाऱ्या एका फसव्या फोनमधून बाबा थोडक्यात वाचले होते, त्यानंतर तिनेच ती चिठ्ठी लिहून, स्वतःच्या हाताने चिकटवून दिली होती.

म्हणजे रागवायचीही सोय उरली नाही. तिने काय झालं ते सांगितलं. बाबांनी मशीन बंद केलं, हातातली काच फडक्याने पुसली, परत पुसली.

"बाई बोलत होती," ते म्हणाले. "आवाज चांगला होता. मला वाटलं विमा असेल."

बुधवारी आणि गुरुवारी ताईने शहर पालथं घातलं. बँकेतल्या साहेबाने जानेवारीत यायला हवं होतं असं सांगितलं. रुग्णालयाच्या नोंदणी विभागात म्हणाले, मेल करा. तिने तिथेच उभं राहून मेल केला आणि तो तिथेच परत आला. एका कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला आतही सोडलं नाही. "इंटर्न संपले," तो म्हणाला, किराणा दुकानात साखर संपल्यासारखा. आणि एका काचेच्या ऑफिसात तर दीड तास सोफ्यावर बसवून ठेवल्यावर एका टाय लावलेल्या मुलाने तिला विचारलं, नाचता येतं का, कारण त्यांना कंपनीचे छोटे व्हिडिओ करायला कुणीतरी हवं होतं.

बुधवारी रात्री घरी येऊन तिने चपला भिरकावल्या. आई देवापुढे हात जोडून बसली होती.

"त्यालाही फोन लावून बघतेयस का?" ताई फणकारली. "अनोळखी नंबर म्हणून ठेवून देईल."

"तो तरी ठेवत नाही," आई डोळे न उघडता म्हणाली. ते कुणाला लागलं हे बघायला बाबांनी मान वर केली नाही.

पण त्या दोन दिवसांत बाबांनी एक गोष्ट केली होती. चिठ्ठी काढून टाकली होती आणि येईल तो फोन घ्यायला सुरुवात केली होती. नुसता घेत नव्हते, शेवटपर्यंत ऐकत होते. न जाणो, कुणी ताईसाठी करत असेल. कर्जवाल्याला त्यांनी 'विचार करून सांगतो' म्हटलं, तर त्याने दिवसभरात चार फोन केले. एकाने पाणी शुद्ध करायचं यंत्र अर्धा तास समजावून सांगितलं. दुकानाचा मालक वैतागला. "तुम्हाला काच घासायची आहे की कान?" असंही म्हणाला म्हणे.

आणि गुरुवारी संध्याकाळी बाबा घरी आले ते पाकिटावर लिहिलेला एक पत्ता घेऊन.

"एका मुलीचा फोन आला होता. कपडे धुवायची कुठली पावडर वापरता, म्हणून विचारत होती. बत्तीस प्रश्न होते. मला काय माहीत असणार, पण आठवून आठवून दिली उत्तरं. मग मी विचारलं, बाळ, या सगळ्याचं पुढे करता काय? तर म्हणाली, आकडेवारी. मी म्हटलं, माझी मुलगी तेच शिकते. तर म्हणाली, उद्या पाठवून द्या."

ताईला हसावं की रडावं कळेना. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी करायला निघालेली ती, आणि हाती काय आलं, तर धुण्याची पावडर. पण शुक्रवार उद्यावर आला होता.

सर्वेक्षणाचं ऑफिस एका चपलांच्या दुकानावर होतं. लाकडी फळ्यांचे खण, प्रत्येक खणात संगणकाचा एक पडदा, एक हेडफोन. ताईच्या हेडफोनचा स्पंज अर्धा निघालेला होता. सुपरवायझर बाई उंच, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं मोजून.

"पाचपर्यंत आठ मुलाखती पूर्ण. पूर्ण म्हणजे बत्तीसच्या बत्तीस प्रश्न. आठ झाल्या तर तुझ्या फॉर्मवर सही. उद्या मी नसते. पहिलं वाक्य कागदावर आहे तसंच म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही. मी मधूनमधून ऐकत असते."

नंबर यंत्रच लावत होतं. ताईने पहिलं वाक्य म्हटलं, "नमस्कार, मी सर्वेक्षण केंद्रातून बोलते, आपली आठ मिनिटं मिळतील का?" पलीकडून एका गृहस्थांचा आवाज आला, "आम्हाला काही नको," आणि फोन खाली.

दुसराही तसाच. पाचवाही. कुणी 'नको आम्हाला' म्हणे, कुणी 'काही नको', कुणी नुसतंच 'नको'. तिचंच वाक्य सगळ्या शहराने पाठ करून ठेवलं होतं जणू. जेवायच्या सुट्टीपर्यंत तिच्या तीन मुलाखती झाल्या होत्या आणि नन्नाचा पाढा साठ वेळा ऐकून झाला होता. शेजारच्या खणातली मुलगी कानातला हेडफोन न काढता म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस गं. ते तुला ओळखतही नाहीत." ताईला तेच तर लागत होतं.

साडेचारला सात झाल्या. पुढची वीस मिनिटं एकही नाही. पाचला दहा कमी असताना एका वयस्कर बाईंनी फोन उचलला आणि ताईचं पहिलं वाक्य संपायच्या आत म्हणाल्या, "नको गं बाई, आम्हाला काही नको."

"काकू, ठेवू नका," ताईच्या तोंडून निघून गेलं. "मी काही विकत नाहीये. माझ्या बाबांनी असाच फोन ठेवला आणि माझी चांगली जागा गेली. आज आठ मुलाखती झाल्या नाहीत तर माझं वर्ष जाईल. सात झाल्यात."

पलीकडचा आवाज बदलला, "अगोबाई. मग विचार ना, पटपट विचार."

ताईने विचारलं. सातव्या प्रश्नाला काकू म्हणाल्या, "पावडर कुठली आमच्याकडे, आम्ही साबणाची वडीच वापरतो. पण तुझं काम होईल असं लिही तू." त्यापुढच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचं हेच, "तुला बरं पडेल ते लिही, बाळ." मधेच त्यांनी सुनेचं सांगितलं, मधेच गुडघ्याचं. ताई बत्तीस प्रश्न वाचत गेली. काकूंनी तिला आशीर्वाद देऊन फोन ठेवला तेव्हा पाचला दोन कमी होते.

पडद्यावर दोन चौकोन होते, पूर्ण आणि अपूर्ण. पूर्णवर बोट ठेवलं की सही. सगळे प्रश्न तर विचारले होते. ताई बोट धरून बसली. आईची आठवण झाली, बाबांची झाली, क्लार्कचीही झाली. पण सुनेच्या आणि गुडघ्याच्या मधून जी उत्तरं आली होती ती उत्तरंच नव्हती, आणि हे तिला जितकं ठाऊक होतं तितकं त्या खोलीत दुसऱ्या कुणाला नव्हतं. तिने स्वतःवरच चिडून अपूर्णवर बोट दाबलं आणि हेडफोन काढून टेबलावर जवळजवळ आपटला.

मागे सुपरवायझर बाई उभ्या होत्या.

"आठवी का पाडलीस?"

"त्या पावडर वापरतच नाहीत."

"ते सातव्या प्रश्नालाच कळलं होतं. मग बत्तीसपर्यंत कशाला गेलीस?"

"त्यांना बोलायचं होतं."

"आणि पहिलं वाक्य?"

ताईने हेडफोनचा निघालेला स्पंज बोटाने आत दाबला.

"फोनवर बसणं तुझं काम नाही," बाई म्हणाल्या. ताईने पिशवी उचलली. "थांब, माझं संपलं नाही. इथल्या मुली रोज अशा 'बरं पडेल ते लिही' वाल्या पंधरा-वीस पूर्ण म्हणून टाकतात. ते शोधून काढायला मागच्या खोलीत माणूस नाही. खोलीला खिडकी नाही, पंखा करकरतो. सहा आठवडे, मिळणार काही नाही. फॉर्म आण इकडे."

शिक्क्याची शाई वाळली होती. बाईंनी त्यावर फुंकर घातली, दोनदा दाबला, तरी अर्धाच उमटला. मग त्यांनी उरलेला अर्धा पेनाने गिरवला. आता क्लार्क यावरून खुसपट काढणार, असं ताईला वाटून गेलं. जिना उतरताना तिला आनंद झाला नाही. पांढऱ्या कोटातली माणसं, स्वच्छ टेबलं, औषधांचे आकडे, ते सगळं दुसरीला गेलं होतं ते गेलंच होतं. सोमवारपासून करकरता पंखा आणि खोटी पावडर.

घरी पोचली तेव्हा बाबा दाराशीच उभे होते, फोन कानाला. तिने फॉर्म वर धरून दाखवला. बाबांचा चेहरा उजळला, पण त्यांनी दुसरा हात वर करून तिला थांबायची खूण केली.

"हो हो, ऐकतोय," ते फोनमध्ये म्हणाले. "हप्ता कळला. आता ते छपरावरच्या सोलरचं सांगत होतात."

"बाबा, ठेवा तो," ताई म्हणाली. "मिळाली मला."

"मिळाली ना," बाबा फोनवर हात धरून म्हणाले, "पण ही बिचारी सकाळपासून बोलतेय म्हणे, कुणीच ऐकून घेत नाही. दोन मिनिटं."

ताई पायरीवर टेकली, आणि चपला न काढता त्या दोन मिनिटांची वाट बघू लागली.