सहावा ‘का?’

चाकणला आमच्या कंपनीत पार्ट रिजेक्ट झाला की ‘व्हाय-व्हाय’चा फॉर्म भरतात. पाच चौकटी, पाच वेळा ‘का?’. शेवटच्या चौकटीतलं उत्तर ठरलेलं: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. मी नवा होतो तेव्हा त्या उत्तराखाली माझीही सही घेतली होती. त्या दिवशी डबा न उघडता घरी नेला.

आता मी लाइन लीडर आहे. सांगायला लाज वाटते, पण तेच उत्तर मीही इतरांच्या फॉर्मवर डोळे झाकून लिहीत आलो.

मागच्या महिन्यात लेकीच्या शाळेत रविवारी विज्ञानाचं हॅकेथॉन होतं. आपल्या भागातल्या अडचणीवर मुलांनी दिवसभरात काहीतरी बनवायचं. पालकांनी सुचवायचं, पण हात लावायचा नाही. लेकीने आणि तिच्या मैत्रिणीने पाण्याची टाकी भरली की वाजणारा बझर बनवला. चाचणीला बादली भरली, वाहिली, मुख्याध्यापकांचे बूट भिजले, बझर ढिम्म. सगळे हसले. मीही हसलो, गाढवासारखा.

लेक रडवेली झाली. “वायर डाग देऊन जोडायचं सोल्डरिंग मीच केलं होतं. मला नाही जमत हे विज्ञानबिज्ञान. चला घरी.”

मी साहेबी थाटात फळ्यावर पाच चौकटी आखल्या. बझर का वाजला नाही? वायर सुटली. का सुटली? सोल्डरिंग कच्चं. का? तापलेली गन वायरवर नीट टेकवली नाही. का? घाई केली. का? सवयीने लिहून गेलो: निष्काळजीपणा.

लेकीने मान खाली घातली. मैत्रीण मात्र उसळली. “काका, ही वहीत समाससुद्धा पट्टीने आखते. ही कशी निष्काळजी? अजून एकदा विचारा की, का?”

विचारलं. सहा गटांत सोल्डरिंग गन एकच. मागे रांग, आणि सगळे “आवर की!” म्हणून ओरडत होते.

मी तो शब्द बाहीनेच पुसला. विज्ञानाच्या बाईंनी रांग मागे सरकवली. लेकीने सावकाश वायर जोडली, आणि बझर असा कोकलला की गेटवरचा वॉचमन धावत आला. बक्षीस दुसऱ्यांना मिळालं. लेक घरापर्यंत बडबडत होती आणि मी खुशीत ऐकत होतो.

सोमवारी एका ट्रेनी मुलीचा पार्ट रिजेक्ट झाला. सहीसाठी पेन काढूनच ती माझ्यासमोर उभी राहिली.

“पेन ठेव आधी,” मी म्हणालो. “काय झालं, सगळं सांग.”

ती सांगत गेली. पाच चौकटी भरल्या, तेव्हा मी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.